मॉस्कोतले दोन अमेरिकी गार्ड

1998 आणि 1999 या लागोपाठच्या वर्षांत अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतून दोन गार्ड बाहेर पडले. पहिला जे. आर. होल्डन. पिट्सबर्गचा, साधारण सहा फूट एक इंच उंचीचा, पेनसिल्व्हेनियातल्या बकनेल विद्यापीठाकडून खेळलेला. बकनेलचा संघ ज्या पॅट्रियट लीगमध्ये खेळतो, तिथे त्या काळी बास्केटबॉलच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळत नसे. दुसरा ट्रेजन लँगडन. अलास्कातल्या अँकरेजमध्ये वाढलेला, ड्यूक विद्यापीठाचा, माइक शशेव्स्की या नामवंत प्रशिक्षकाच्या हाताखाली तयार झालेला. 1999 मध्ये ड्यूकचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला होता आणि त्या संघाचा नेमबाज लँगडन होता. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघांनी नव्या खेळाडूंची निवड करण्याच्या वार्षिक सोहळ्यात, होल्डनचे नाव कोणीच पुकारले नाही. लँगडनला क्लीव्हलंड कॅव्हेलियर्सने पहिल्या फेरीत अकराव्या क्रमांकावर उचलले. एकाला दारातूनच परत पाठवले गेले आणि दुसऱ्यासाठी गालिचा अंथरला गेला. तरीही 2005 च्या हिवाळ्यात हे दोघे एकाच शहरात, एकाच क्लबमध्ये खांद्याला खांदा लावून खेळत होते. शहर मॉस्को, क्लब सीएसकेए. पुढच्या तीन हंगामांत या क्लबने युरोपचे सर्वोच्च विजेतेपद दोनदा जिंकले. निवड करणाऱ्यांनी ज्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर मानले होते, ते दोघे तुल्यबळ ठरले. हे कसे घडले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना खेळातल्या गुणवत्तेविषयीची आपली एक घट्ट समजूत तपासून पाहावी लागते.

ती समजूत अशी, की कौशल्य ही खेळाडूची खासगी मालमत्ता असते. ती त्याच्याजवळ असते किंवा नसते, आणि जिथे जाईल तिथे तो ती बरोबर नेतो. धावपटूच्या बाबतीत हे बरेचसे खरे आहे. शंभर मीटर अंतर मुंबईत आणि मॉस्कोत सारखेच असते. गार्डची गोष्ट निराळी. बास्केटबॉलच्या पाच जणांत गार्ड हा बहुधा सर्वांत बुटका, आणि चेंडू सर्वाधिक वेळ त्याच्याच हातात. चेंडू पुढे आणायचा, चढाईची चाल कोणती ते ठरवायचे, चौघांना आपापल्या जागी उभे करायचे, उंच सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याची वाट अडवली की त्या क्षणी आत घुसायचे की पास द्यायचा की जागेवरून फेक करायची, हे अर्ध्या सेकंदात ठरवायचे. अशा माणसाचे कौशल्य त्याच्या एकट्याच्या अंगात मावत नाही. पास उत्तम होता की वाईट, हे पास झेलणारा कुठे उभा होता यावर ठरते. आत घुसणे शहाणपणाचे होते की नाही, हे तिथे किती बचावपटू उभे राहू शकतात, म्हणजेच नियम काय सांगतो, यावर ठरते. माझे म्हणणे असे आहे, की गार्डची गुणवत्ता नियम, सहकारी आणि प्रशिक्षक यांच्या संगतीत घडते. म्हणूनच अमेरिकेबाहेरच्या कारकिर्दीकडे हुकलेल्यांची सोय म्हणून पाहणे चूक आहे. ती खेळाची दुसरी शाळा आहे, आणि तिथे पहिल्या शाळेतले गुण आपोआप धरले जात नाहीत.

आधी पहिल्या दाराचा हिशेब पाहू. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत. प्रत्येक संघात तेरा ते पंधरा खेळाडू धरले, तर साडेचार ते सव्वापाच हजार तरुण झाले. एनबीएत संघ 30, प्रत्येकाच्या नियमित यादीत 15 जण, म्हणजे सगळ्या मिळून 450 जागा. त्या दर वर्षी रिकाम्या होत नाहीत आणि त्यांवर जगभरातल्या खेळाडूंचा डोळा असतो. ड्राफ्टच्या फेऱ्या दोनच. इतक्या अरुंद दारातून माणसे निवडायची, तर निवडणारे साहजिकच उंची, हातांची लांबी, उडी, वेग, वय असे चटकन मोजता येणारे गुण पाहतात. ते आळशी आहेत म्हणून हे घडते असे नाही. चूक महागात पडत असेल तर माणूस मोजपट्टीवर विसंबतो. पण गार्डचे खरे काम मोजपट्टीत येत नाही. शिवाय एनबीएचा संघ ‘हा खेळाडू किती चांगला?’ एवढेच विचारत नाही. ‘आमच्याकडे असलेल्या चौघांत हा पाचवा बसेल का?’ हा त्याचा खरा प्रश्न असतो. लँगडन क्लीव्हलंडमध्ये तीन हंगाम राहिला, दुखापतींशी झुंजला, बहुतेक काळ राखीव खेळाडू म्हणून मैदानात उतरला आणि पुढे त्याला तिथे जागा उरली नाही. याचा अर्थ तो नेमबाजी विसरला असा होत नाही. त्या खेळात त्याच्या नेमाचा उपयोग करून घेणारी जागा तयार झाली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुसऱ्या शाळेचे नियम पाहू, कारण वाद तिथेच सुटतो. 1990 च्या दशकात अमेरिकी महाविद्यालयीन सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असे आणि चढाई पूर्ण करायला 35 सेकंद मिळत. होल्डन युरोपात आला तेव्हा फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार 30 सेकंद मिळत होते. 2000 पासून ते 24 झाले आणि सामना दहा-दहा मिनिटांच्या चार भागांत विभागला गेला. 35 वरून 24 वर येणे म्हणजे नुसता वेग वाढवणे नव्हे. पहिली चाल फसली तर दुसरी रचायला जेमतेम आठ-दहा सेकंद उरतात, आणि ती रचायची कोणी, तर गार्डने. तीन गुणांची रेषा त्या काळी युरोपात 6.25 मीटरवर होती (2010 मध्ये ती 6.75 वर गेली), तर एनबीएत ती 7.24 मीटरपर्यंत लांब आहे. युरोपात बास्केटखालचा राखीव पट्टा तेव्हा समलंब चौकोनाच्या आकाराचा होता. सर्वांत मोठा फरक बचावाचा. एनबीएने 2001 पर्यंत झोन बचावाला, म्हणजे ठरावीक खेळाडूऐवजी ठरावीक जागा राखण्याला, मनाई केली होती, आणि नंतर परवानगी देतानाही, कोणाला रोखत नसलेल्या बचावपटूने बास्केटखाली तीन सेकंदांपेक्षा अधिक थांबू नये अशी अट घातली. फिबाच्या खेळात ही अट नाही. उंच बचावपटू बास्केटखाली ठाण मांडून बसू शकतो. ज्या अमेरिकी गार्डचे सारे भांडवल एकट्याने सुसाट आत घुसण्यात असते, त्याला इथे समोर भिंतच दिसते. तिच्यातून वाट काढायची तर आधी पास द्यावा लागतो, बचाव हलवावा लागतो, थांबावे लागते. त्यात पंचांची शिट्टीही वेगळी. टप्पा मारताना चेंडू हातातून सुटण्याआधी टेकलेला पाय उचलला, की युरोपात लगेच ‘ट्रॅव्हलिंग’ दिले जाई आणि नव्याने आलेल्या अमेरिकी खेळाडूंना पहिले काही आठवडे हे फार जाचे.

हिशेबाची पद्धतही निराळी. युरोपातल्या साखळी स्पर्धांत दोन संघांचे विजय समान झाले, तर त्यांच्या आपसांतल्या सामन्यांतला गुणफरक पाहिला जातो. त्यामुळे बारा गुणांनी हरणे आणि पाच गुणांनी हरणे यांत पुढच्या फेरीचे तिकीट असू शकते. सामना हातातून गेला म्हणून अमेरिकी गार्ड शेवटच्या मिनिटात सैलावला, तर प्रशिक्षक त्याच्यावर का ओरडतो, हे त्याला सुरुवातीला कळत नाही. शिवाय संख्येची मर्यादा. आयपीएलमध्ये अंतिम अकरात चारच परदेशी चालतात, हे आपल्याला ठाऊक आहे. युरोपातल्या बहुतेक देशांतर्गत लीगमध्येही अशी मर्यादा असते. 1995 च्या डिसेंबरमध्ये युरोपीय न्यायालयाने बोसमन या बेल्जियन फुटबॉलपटूच्या खटल्यात निकाल दिला आणि युरोपीय संघराज्यातल्या नागरिकांसाठी या भिंती पडल्या; अमेरिकी मात्र बाहेरच राहिले. परिणाम असा, की परदेशी खेळाडूची प्रत्येक जागा मोलाची असते आणि ती भरणाऱ्याकडून पहिल्या दिवसापासून काम हवे असते. एनबीएत तरुण खेळाडूला दोन-तीन वर्षे बाकावर बसवून शिकवले जाते. परदेशी क्लबमध्ये परदेशी खेळाडूला शिकण्याची मुभा करारात लिहिलेली नसते. त्याला खेळता खेळताच शिकावे लागते.

होल्डनची वाटचाल या चौकटीत वाचली की तिचे मोल कळते. 1998 मध्ये तो लॅटव्हियाच्या रिगा शहरातल्या ब्रोत्सेनी क्लबमध्ये गेला. तिथून बेल्जियमच्या ऑस्टेंडमध्ये दोन हंगाम; 2001 मध्ये तिथले राष्ट्रीय विजेतेपद. मग अथेन्सचा एईके क्लब, आणि 2002 मध्ये ग्रीसचे विजेतेपद. त्याच वर्षी सीएसकेएने त्याला मॉस्कोला बोलावले. चार वर्षांत तीन देश ओलांडून तो चौथ्यात पोहोचला, आणि प्रत्येक मुक्कामावरची परीक्षा आधीच्यापेक्षा कठीण होती. ही चढण कोणी त्याला बहाल केली नव्हती. रिगात कोणाला बकनेलचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि अथेन्सच्या प्रेक्षकांना अमेरिकी महाविद्यालयीन आकडेवारीशी देणेघेणे नव्हते. प्रत्येक ठिकाणी नवी भाषा बोलणारे सहकारी, नवा प्रशिक्षक, नव्या चाली. ज्या गार्डला आपले कौशल्य नव्या चौघांत नव्याने रुजवता येते, त्यालाच पुढचे निमंत्रण येते. ज्याला येत नाही, तो कितीही गुण मिळवो, वर्षाअखेरीस त्याचा करार संपतो. होल्डन सीएसकेएत नऊ हंगाम टिकला. त्या नऊही हंगामांत क्लब रशियाचा विजेता होता, आणि 2003 ते 2010 अशी सलग आठ वर्षे युरोलीगच्या, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेच्या, अंतिम चार संघांत होता. क्लबच्या या सातत्यात प्रशिक्षक बदलले, मोठे खेळाडू आले-गेले, होल्डन राहिला.

लँगडनची वाट उलट्या दिशेची, म्हणून अधिक बोलकी. एनबीए सोडून 2002 मध्ये तो इटलीतल्या त्रेविसोच्या बेनेटन क्लबमध्ये आला. प्रशिक्षक होते एत्तोरे मेसिना. 2003 मध्ये क्लब इटलीचा विजेता झाला. पुढच्या वर्षी लँगडन इस्तंबूलच्या एफेस क्लबबरोबर तुर्कस्तानचा विजेता, त्यानंतर एक हंगाम डायनॅमो मॉस्को, आणि 2005 मध्ये सीएसकेए. त्या उन्हाळ्यात मेसिनाही तिथे आले, हा योगायोग नव्हे. आपल्या चालीत कोणता माणूस बसतो हे त्यांना त्रेविसोत कळले होते. 2005 च्या मे महिन्यात युरोलीगचे अंतिम सामने खुद्द मॉस्कोत झाले होते आणि यजमान सीएसकेए उपांत्य फेरीत स्पेनच्या ताऊ सेरामिकाकडून हरला होता. मेसिनांनी जो संघ बांधला, त्यात होल्डन आणि लँगडन सुरुवातीपासून मैदानात असत, आणि बचाव थकला की थिओडोरोस पापालुकास हा उंचापुरा ग्रीक गार्ड उतरून चालींची सूत्रे हाती घेई. आपल्याकडून चेंडू काढून दुसऱ्याच्या हाती द्यायचा, हे अमेरिकी महाविद्यालयातल्या नायकाला सहज पचत नाही. होल्डन आणि लँगडन यांनी ते पचवले. 2006 मध्ये प्रागला सीएसकेएने लागोपाठ दोन वर्षांच्या विजेत्या मकाबी तेल अवीवला 73-69 असे हरवले. क्लबचे युरोपीय विजेतेपद 1971 नंतर प्रथमच, म्हणजे पस्तीस वर्षांनी आले. 2008 मध्ये माद्रिदला पुन्हा मकाबीवर 91-77 असा विजय, आणि त्या वेळी अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू लँगडन. मधल्या 2007 मध्ये आणि पुढे 2009 मध्ये अंतिम सामन्यात पनाथिनाइकोसकडून पराभव, दोन्ही वेळा अवघ्या दोन गुणांनी. क्लीव्हलंडच्या बाकावर बसणारा माणूस आणि ज्याचे नाव पुकारलेच गेले नाही तो माणूस, दोघांनी मिळून चार वर्षांत चार अंतिम सामने खेळले.

दुसऱ्या शाळेत शिकलेले ज्ञान पहिल्या शाळेलाही बदलू शकते. याचा पुरावा होल्डनच्या एक पिढी आधीचा आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मलन्स गावचा माइक डँटोनी हा मार्शल विद्यापीठाचा गार्ड. 1973 मध्ये त्याला एनबीएत दुसऱ्या फेरीत निवडले गेले, पण तिथे तो रुजला नाही. 1977 मध्ये तो इटलीत मिलानच्या ऑलिंपिया क्लबमध्ये गेला आणि 1990 पर्यंत तिथेच खेळला. पाच राष्ट्रीय विजेतेपदे, 1987 आणि 1988 असे लागोपाठ दोन युरोपीय चषक, क्लबच्या इतिहासात सर्वाधिक गुण. मग तो तिथेच प्रशिक्षक झाला. मिलान आणि त्रेविसो हीच त्याची प्रयोगशाळा. बचाव बास्केटखाली दाटी करून बसतो, म्हणून नेमबाजांना दूरवर पसरवून मैदान मोकळे करायचे, उंच खेळाडूलाही बाहेरून फेकता आले पाहिजे असे पाहायचे, आणि निर्णय गार्डवर सोपवायचा, हा युरोपात मुरलेला विचार त्याने 2003 नंतर एनबीएत फिनिक्स सन्सच्या संघात नेला. त्याच्या हाताखाली स्टीव्ह नॅश हा गार्ड 2005 आणि 2006 असा लागोपाठ दोनदा एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि आज एनबीए ज्या मोकळ्या, वेगवान, लांब फेकीच्या शैलीत खेळते तिच्या मुळाशी त्या फिनिक्स संघाचे नाव हटकून घेतले जाते. डँटोनीने एनबीएतच कसेबसे पाय रोवले असते, तर हे त्याला शिकायला मिळाले असते असे म्हणायला आधार नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. युरोपातला दर्जा एनबीएपेक्षा खालचा. खालच्या वर्गात पहिला आल्याने वरच्या वर्गातले नापास होणे पुसले जात नाही. यातला अर्धा भाग मान्य केलाच पाहिजे. उंची, ताकद आणि वैयक्तिक कौशल्य यांचा सर्वांत मोठा साठा एनबीएतच आहे. पण ‘खालचा’ आणि ‘वेगळा’ हे दोन शब्द एक नाहीत. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एनबीएच्या खेळाडूंनी भरलेला अमेरिकी संघ पोर्तो रिकोकडून 92-73 असा हरला, आणि पुढे लिथुआनिया व अर्जेंटिना यांनीही त्याला हरवले. 2006 च्या जागतिक स्पर्धेत जपानमधल्या सायतामा इथे उपांत्य सामन्यात ग्रीसने अमेरिकेला 101-95 असे नमवले. त्या अमेरिकी संघात लेब्रॉन जेम्स आणि ड्वेन वेड होते, आणि प्रशिक्षक होते लँगडनचेच ड्यूकमधले गुरू शशेव्स्की. ग्रीसच्या संघात एनबीएत खेळणारा एकही जण नव्हता. सामन्याची सूत्रे हलवली पापालुकासने, 12 अ‍ॅसिस्ट, म्हणजे सहकाऱ्याला थेट बास्केट मिळवून देणारे पास, देऊन. तोच पापालुकास, जो चार महिन्यांपूर्वी होल्डन आणि लँगडन यांच्याबरोबर प्रागमध्ये जिंकला होता. एका सामन्यावरून ग्रीस अमेरिकेपेक्षा श्रेष्ठ ठरत नाही. पण फिबाच्या नियमांत खेळताना गार्डला जे शहाणपण लागते, ते एनबीएतल्या श्रेष्ठत्वात आपोआप सामावलेले नसते, एवढे या निकालावरून निश्चित ठरते. अमेरिकेने या पराभवांपासून धडा घेतला आणि 2008 मध्ये पुन्हा सुवर्ण मिळवले, हेही त्याच गोष्टीची साक्ष देते. शिकण्यासारखे काही होते, म्हणून शिकावे लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि मला तो अधिक छळतो. होल्डन, लँगडन, डँटोनी ही शिखरावरची नावे. त्यांच्यामागे असे कितीतरी गार्ड आहेत, जे दर वर्षी नव्या देशात जातात, लहान गावातल्या क्लबकडून आठ-नऊ महिने खेळतात, घरापासून दूर आजारपण काढतात, दुखापत झाली की करार गमावतात, आणि कधी कधी पगारासाठी महिनोन्‌महिने ताटकळतात. यशस्वी झालेल्यांकडे बोट दाखवून वाट चांगली आहे असे म्हणणे म्हणजे वाटेत कोसळलेल्यांना नजरेआड करणे नाही का? नाही, कारण ही वाट सोपी आहे असा माझा दावाच नाही. पगार थकवण्याचे प्रकार इतके होत, की फिबाने 2007 मध्ये जिनिव्हात खास लवाद उभारला, ज्याला आज बास्केटबॉल लवाद न्यायालय म्हणतात. खेळाडू परक्या देशातल्या न्यायालयांत खेटे घालण्याऐवजी तिथे दाद मागू शकतो, आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबला नवे खेळाडू नोंदवण्यापासून रोखता येते. स्त्री खेळाडूंची अडचण आणखी मोठी होती. डायना टॉरासी ही अमेरिकेची अव्वल गार्ड 2015 मध्ये मायदेशातला पूर्ण हंगाम खेळली नाही, कारण एकातेरिनबर्गच्या तिच्या रशियन क्लबने तिला विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले होते. अमेरिकी लीगमधल्या कमाईपेक्षा रशियातली कमाई कितीतरी पट अधिक होती. त्याच क्लबची उंच सेंटर ब्रिटनी ग्राइनर फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या विमानतळावर अटकेत पडली आणि डिसेंबरपर्यंत कैदेत राहिली. म्हणजे दुसऱ्या शाळेची फी कधी कधी भयंकर असते. पण शाळा कठोर आहे म्हणून तिथले शिक्षण खोटे ठरत नाही. उलट, त्या शिक्षणाला आपण ‘उरलेल्यांची सोय’ म्हणतो, तेव्हाच त्या खेळाडूंचे हक्कही दुय्यम समजले जातात. काम खरे मानले, तर कामगाराचे संरक्षणही खरे मानावे लागते.

तिसरा आक्षेप यजमान देशाच्या बाजूने येतो. बाहेरचा गार्ड आला की घरचा मुलगा बाकावर बसतो, आणि पासपोर्ट देऊन बाहेरच्याला राष्ट्रीय संघात घेतले, तर देशाच्या जर्सीला अर्थ काय उरतो? होल्डनला ऑक्टोबर 2003 मध्ये राष्ट्राध्यक्ष पुतिन यांच्या हुकुमाने रशियन नागरिकत्व मिळाले. त्याचे पूर्वज रशियन नव्हते. यात क्लबचा सरळ फायदा होता, कारण देशांतर्गत स्पर्धेत तो परदेशी म्हणून मोजला जाणार नव्हता. हा व्यवहार होता हे लपवण्यात अर्थ नाही. पण व्यवहाराचे फळ पाहा. 16 सप्टेंबर 2007 रोजी माद्रिदमध्ये युरोपियन अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात यजमान आणि जगज्जेता स्पेन शेवटच्या क्षणांत पुढे होता. दोन सेकंदांच्या आसपास वेळ उरला असताना होल्डनने फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला, स्पेनच्या पाऊ गसोलचा अखेरचा प्रयत्न हुकला, आणि रशिया 60-59 असा जिंकला. सोव्हिएत संघाच्या विघटनानंतरचे रशियाचे हे पहिले युरोपीय विजेतेपद. स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू आंद्रेई किरिलेन्को होता, होल्डन नव्हे. अकरा घरच्यांच्या बांधलेल्या संघात बारावा बाहेरचा येऊन बसला होता. फिबाही एका संघात अशा एकाच खेळाडूला परवानगी देते, आणि ही मर्यादा मला योग्य वाटते. पुढे 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रशियाने कांस्य जिंकले, तेव्हा होल्डन संघात नव्हता. चाली रचणाऱ्यांत होता अलेक्सेई श्वेद, जो तरुणपणी सीएसकेएत याच दोन अमेरिकी गार्डच्या संगतीत सराव करत वाढला. बाहेरच्याने घरच्याची जागा घेतली, हे खरे. बाहेरच्याजवळ राहून घरचा शिकला, हेही तितकेच खरे.

पासपोर्टमुळे काय साधते याचे आणखी टोकाचे उदाहरण बो मकॅलेबचे. न्यू ऑर्लिन्स विद्यापीठाचा हा गार्डही 2008 च्या ड्राफ्टमध्ये निवडला गेला नाही. 2011 मध्ये जेमतेम वीस लाख लोकवस्तीच्या मॅसेडोनियाकडून तो युरोपियन स्पर्धेत उतरला आणि तो देश यजमान लिथुआनियाला हरवून चौथा आला. उलट बाजूची किंमत बेकी हॅमनने मोजली. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाची ही गार्ड 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये रशियाकडून खेळली आणि कांस्य घेऊन आली, तेव्हा अमेरिकी संघाच्या प्रशिक्षिकेने तिच्या देशप्रेमावर जाहीर शंका घेतली. हॅमनलाही तिच्या काळी अमेरिकी ड्राफ्टमध्ये कोणी निवडले नव्हते. ज्या व्यवस्थेने माणसाला निवडले नाही, तिने त्याच्या निष्ठेवर मालकी सांगणे न्यायाचे नाही. 2014 मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सने तिला नेमले आणि ती एनबीएतली पहिली पूर्णवेळ पगारी स्त्री सहायक प्रशिक्षक ठरली.

या साऱ्या पुराव्याचा निष्कर्ष एवढाच, की निवड समितीचे ‘नाही’ हे खेळाडूच्या मोलावरचे अंतिम उत्तर नसते. ते एका जागेपुरते उत्तर असते. गार्डसारख्या खेळाडूबाबत तर ते फारच तात्पुरते असते, कारण त्याचे काम इतरांशी जुळवून घेण्याचे आहे आणि जुळणे हे जागेप्रमाणे बदलते. म्हणून परदेशी खेळून आलेल्या अमेरिकी गार्डविषयी वाचताना ‘हा एनबीएत का टिकला नाही?’ हा पहिला प्रश्न बाजूला ठेवावा. किती देशांत, किती भाषांच्या सहकाऱ्यांत, किती प्रशिक्षकांच्या हाताखाली त्याने आपला खेळ पुन्हा उभा केला, हे आधी पाहावे. होल्डन आणि लँगडन दोघेही 2011 मध्ये सीएसकेएतून बाहेर पडले. पुढे होल्डनने एनबीएच्या डेट्रॉइट पिस्टन्स संघात खेळाडू पारखण्याचे काम केले, आणि 2024 मध्ये त्याच डेट्रॉइट पिस्टन्सने आपल्या बास्केटबॉल कारभाराचे अध्यक्षपद ट्रेजन लँगडनकडे सोपवले.